सरफेसीची ताबा नोटीस आली : पुण्याच्या डीआरटीत जायचे की थेट हायकोर्टात?

घरावर, लूमच्या शेडवर किंवा गोडाऊनवर बँकेची ताबा नोटीस चिकटली की आजूबाजूचे लोक एकच सल्ला देतात : हायकोर्टात रिट (हायकोर्टाच्या घटनात्मक अधिकाराखालची याचिका) टाका, स्टे आणा. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सोलापूर जिल्हा त्याच्या अखत्यारीत गेला. हायकोर्ट जवळ आल्यामुळे हा सल्ला आता आणखी सहज दिला जातो. बहुतेक प्रकरणांत तो चुकीचा ठरतो. कर्जदाराच्या बाजूने चांगले मुद्दे असूनही रिट परत येते, कारण कायद्याने दुसरे दार ठेवलेले आहे आणि तुम्ही ते ठोठावलेले नाही. तोवर त्या दुसऱ्या दाराची ४५ दिवसांची मुदत संपत आलेली असते, कधी संपूनही गेलेली असते. केस हरण्यापेक्षा ही चूक जास्त महाग पडते, कारण मग मुद्द्यांवर सुनावणीच होत नाही.

थकीत कर्जासाठी तारण मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला सरफेसी कायदा, २००२ देतो. ते दार म्हणजे याच कायद्याच्या कलम १७ खालचा अर्ज. तो कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत करायचा असतो. सोलापूरसाठी पुण्याची डीआरटी. कोर्टाच्या आवारातही तिला 'डीआरटी'च म्हणतात, म्हणून इथेही तेच.

आधी पाहा, नोटीस कोणाची आणि कोणत्या कायद्याखाली

नोटिशीच्या मथळ्यात 'सरफेसी' आणि 'कलम १३(२)' किंवा 'कलम १३(४)' लिहिलेले आहे का ते पाहा. राष्ट्रीयीकृत आणि खासगी बँका हा कायदा वापरू शकतात. नागरी सहकारी बँकाही वापरू शकतात. याबद्दल बरीच वर्षे वाद होता, पण ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो मिटवला. 'सहकारी बँकेला सरफेसी लागू नाही' हा मुद्दा आजही काही अर्जांत दिसतो. तो काढून टाका, त्याने बाकीच्या चांगल्या मुद्द्यांचे वजन कमी होते. एनबीएफसीला, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपनीला, हा कायदा वापरायचा तर तिची मालमत्ता किमान १०० कोटींची हवी आणि तिचे तारण कर्ज किमान २० लाखांचे हवे. तुमचे कर्ज १२ लाखांचे आणि देणारी एनबीएफसी असेल तर तिला सरफेसीचा अधिकारच आहे का, हा पहिला प्रश्न.

पतसंस्थेचे प्रकरण पूर्ण वेगळे आहे. पतसंस्थेला सरफेसी नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेते, आणि वसुली अधिकारी नियम १०७ प्रमाणे जप्ती व लिलाव करतो. त्या दाखल्याविरुद्ध डीआरटीत जाऊन काही मिळत नाही. तिथे कलम १५४ खाली सहकार खात्याकडे पुनरीक्षण अर्ज करावा लागतो, आणि त्यासाठी वसुलीच्या रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. पुढचे सगळे सरफेसीबद्दल आहे.

साठ दिवसांत काय करायचे

पहिली नोटीस कलम १३(२) ची. खाते एनपीए, म्हणजे ९० दिवस थकून अनुत्पादक, झाल्यावर बँक ६० दिवसांची मुदत देऊन पूर्ण रक्कम मागते. या नोटिशीविरुद्ध डीआरटीतही जाता येत नाही आणि हायकोर्टही या टप्प्यावर हात घालत नाही. म्हणून अनेक जण ती कपाटात ठेवतात. नेमके इथेच पुढच्या केसचा पाया घातला जातो.

कलम १३(३क) प्रमाणे कर्जदार लेखी हरकत घेऊ शकतो, आणि बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणे बंधनकारक आहे. ही हरकत मराठीत लिहिली तरी चालते. शाखेत आणि प्राधिकृत अधिकाऱ्याकडे (बँकेने या कारवाईसाठी नेमलेला अधिकारी), दोन्हीकडे द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. तोंडी 'साहेबांशी बोललो' याला पुढे काही किंमत उरत नाही. बँकेने उत्तरच दिले नाही, किंवा 'आपली हरकत मान्य नाही' एवढ्या एका ओळीत उडवून लावली, तर तो पुढे कलम १७ च्या अर्जातला भक्कम मुद्दा होतो.

हरकतीत काय असावे? भावनिक मजकूर कमी, आकडे जास्त. खात्याचा पूर्ण उतारा घ्या आणि एनपीएची तारीख तपासा. समजा १० जानेवारीचा हप्ता थकला आणि त्याआधी काहीच बाकी नव्हते. ९० दिवस ९-१० एप्रिलच्या सुमारास पुरे होतात. नोटिशीत एनपीएची तारीख ३१ मार्च असेल तर खाते वेळेआधी एनपीए केले आहे. पण इथे घाई करू नका. मधे भरलेली रक्कम सर्वांत जुन्या थकीत हप्त्याकडे वळते, त्यामुळे 'मी मार्चमध्ये पैसे भरले होते' एवढ्याने मार्चचा हप्ता फिटत नाही. उताऱ्यावर प्रत्येक ओळीपुढे कोणता हप्ता फिटला ते पेन्सिलने लिहून काढा. एका बैठकीत होणारे काम आहे, आणि वकिलाला पहिल्या भेटीत याहून उपयोगी काही देता येणार नाही.

अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखानदारांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांसाठी (एमएसएमई) २९ मे २०१५ ची केंद्राची पुनरुज्जीवन चौकट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ च्या प्रो निट्स निकालात ती बँकांवर बंधनकारक ठरवली, पण त्याच निकालात उद्योजकावरही जबाबदारी टाकली : आपण एमएसएमई आहोत हे कागदपत्रांसह वेळीच बँकेला कळवले पाहिजे. ताबा गेल्यावर उद्यम प्रमाणपत्र काढून दाखवणाऱ्याला न्यायालये जवळ करत नाहीत. हप्ते ओढाताणीत आले की तेव्हाच शाखेला लेखी कळवा आणि प्रमाणपत्राची प्रत जोडा. ते राहून गेले असेल तर निदान १३(२) च्या हरकतीत तरी घ्या.

याच काळात कलम १३(१३) विसरू नका. नोटीस आल्यावर तारण मालमत्ता बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही. घाईघाईने मेहुण्याच्या नावे केलेला भाडेकरार संरक्षण देत नाही. उलट न्यायाधिकरणापुढे तुमचा हेतू संशयास्पद ठरतो.

दारावरची नोटीस वाचताना

साठ दिवस संपले की बँक कलम १३(४) खाली ताबा घेते. बहुतेक वेळा आधी प्रतीकात्मक ताबा असतो : नोटीस दाराला चिकटते, पेपरात छापून येते, कुलूप मात्र तुमचेच राहते. अनेकांना वाटते की प्रत्यक्ष बाहेर काढेपर्यंत काहीच झालेले नाही. हा गैरसमज घातक आहे. हिंडन फोर्ज प्रकरणात (२०१८) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रतीकात्मक ताबा हीच कलम १७ ला पुरेशी कारवाई आहे. म्हणजे दार उघडते आणि घड्याळही तिथूनच सुरू होते.

नोटीस दारावर असतानाच मोबाइलने फोटो काढा : एक जवळून, अक्षर वाचता येईल असा, आणि एक लांबून, दार, पाटी, रस्ता दिसेल असा. मग शांतपणे वाचा. सिटी सर्व्हे नंबर किंवा गट नंबर गहाणखताशी जुळतो का? चतुःसीमा बरोबर आहेत का? मागणीची रक्कम १३(२) मधल्या रकमेशी, अधिक पुढचे व्याज धरून, जुळते का? सही प्राधिकृत अधिकाऱ्याची आहे का, की शाखेतल्या दुसऱ्याच कोणाची? १३(२) ची नोटीस मिळाल्यापासून खरोखर ६० दिवस पुरे झाले होते का? पोस्टाचा लिफाफा फेकू नका, त्यावरचा शिक्का हाच पुरावा असतो. सरफेसीच्या नियम ८ प्रमाणे ताबा घेतल्यापासून सात दिवसांत नोटीस दोन प्रमुख वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातले एक स्थानिक भाषेतले. सोलापुरात खपणारे मराठी पत्र आहे की कुठल्यातरी दुसऱ्या जिल्ह्याची आवृत्ती, हे पाहा. कात्रण नको, तारखेसह पूर्ण पान ठेवा.

गहाणाची नोंद सर्साईकडे, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदणीकडे, झाली आहे का तेही ऑनलाइन तपासता येते. नोंद नसेल तर कलम २६घ प्रमाणे बँकेला ताब्याची कारवाई करता येत नाही. ही तरतूद २४ जानेवारी २०२० पासून लागू आहे. हा मुद्दा तपासायला सोपा, तरी फार कमी जण तो तपासतात.

शेतजमिनीचा मुद्दा आपल्या जिल्ह्यात हमखास निघतो. कलम ३१(झ) प्रमाणे शेतजमिनीवरच्या तारणाला हा कायदा लागू नाही. पण सातबारावर 'जिरायत' लिहिले आहे एवढ्याने भागत नाही. जमीन प्रत्यक्ष शेतीसाठी वापरात आहे का हे पाहिले जाते, आणि ते सिद्ध करण्याचा भार कर्जदारावर आहे. डाळिंबाची बाग असेल तर पीकपाहणीच्या नोंदी, पाणीपट्टी, विमा हप्ता, विक्रीच्या पट्ट्या जोडा. शहराच्या कडेला गट नंबरच्या जमिनीवर शेड बांधून त्यात लूम चालवले असतील, तर सातबारा काहीही म्हणो, हा मुद्दा तुमच्या उपयोगाचा नाही. याच कलमातल्या दोन छोट्या सवलती : तारण एक लाखापेक्षा जास्त रकमेच्या कर्जासाठी नसेल, किंवा देणे मुद्दल अधिक व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी उरले असेल, तरी कारवाई चालत नाही.

पुण्याचा अर्ज

मुदत ४५ दिवसांची. नोटीस ३ मार्चला चिकटली असेल तर शेवटचा दिवस १७ एप्रिल. त्या दिवशी सुट्टी आहे का, वकील गावी आहेत का, यावर अवलंबून राहू नका. तिसाव्या दिवसाच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे अशा हिशेबाने चाला. विलंब माफ होईल या भरवशावर तर अजिबात राहू नका.

अर्ज कोणीही बाधित व्यक्ती करू शकते. कायद्यात 'कर्जदार' या शब्दात जामीनदार आणि गहाण देणाराही येतो. फी ठरलेली आहे. कर्जदारासाठी थकबाकी दहा लाखांच्या आत असेल तर प्रत्येक लाखाला किंवा त्याच्या भागाला ५०० रुपये. दहा लाखांच्या वर ५,००० रुपये आणि दहा लाखांवरच्या प्रत्येक लाखाला २५० रुपये, जास्तीत जास्त एक लाख. ३८ लाखांची मागणी असेल तर ५,००० अधिक २८ गुणिले २५०, म्हणजे १२,००० रुपये. भाडेकरू किंवा इतर त्रयस्थासाठी फी कमी आहे : त्याच ३८ लाखांवर १,२५० अधिक २८ गुणिले १२५, म्हणजे ४,७५० रुपये. कलम १७ च्या या पहिल्या अर्जासाठी थकबाकीचा कोणताही भाग आधी भरावा लागत नाही. मूळ कायद्यात ७५ टक्के भरण्याची अट होती. मार्डिया केमिकल्स प्रकरणात ८ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. 'डीआरटीत गेलो तर आधी निम्मे पैसे मागतात' ही बाजारात ऐकू येणारी गोष्ट अपिलाबद्दल खरी आहे, अर्जाबद्दल नाही.

अर्जासोबत हे जोडा : मंजुरीपत्र, गहाणखत, १३(२) ची नोटीस, तुमची हरकत आणि पोच, बँकेचे उत्तर, ताबा नोटिशीचे फोटो, पेपरची पाने, खात्याचा उतारा, मिळकत पत्रिका किंवा सातबारा. न्यायाधिकरणाचे काम इंग्रजी किंवा हिंदीत चालते, म्हणून मराठी कागदांची भाषांतरे लागतात. सोलापुरातून निघण्याआधीच ती करून घ्या. पुण्यात ऐनवेळी धावपळ होते आणि तारीख पुढे जाते. दाखल करणे ई-फायलिंगने होते, तरी छापील संचही तयार असावेत.

मूळ अर्जासोबत अंतरिम स्थगितीचा वेगळा अर्ज हवाच. तो नसेल तर मूळ अर्ज प्रलंबित राहतो आणि लिलाव होऊन जातो. स्थगिती मागताना न्यायाधिकरण जवळजवळ नेहमी विचारते : किती भरता आणि कधी? या प्रश्नाला उत्तर नसेल तर चांगले मुद्देही लंगडे पडतात. पहिल्या तारखेला जाताना खरोखर भरता येईल अशी रक्कम ठरवून जा, शक्य असेल तर डिमांड ड्राफ्ट घेऊन जा. जे पाळता येणार नाही ते कबूल करू नका. अट मोडली की स्थगिती आपोआप उठते, आणि दुसऱ्यांदा मागायला गेलात तर विश्वास उरलेला नसतो. बँकेने कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा अर्ज) घातलेले असू शकते, म्हणून तिला आधी प्रत देऊन जा.

कायदा म्हणतो की अर्ज ६० दिवसांत, आणि कारणे नोंदवून फार तर चार महिन्यांत निकाली निघावा. प्रत्यक्षात तसे नेहमी होत नाही. चार महिने उलटले तर कलम १७(६) खाली मुंबईच्या अपिलीय न्यायाधिकरणाकडे लवकर निकालाचा आदेश मागता येतो. हे हत्यार फारसे कोणी वापरत नाही, पण ते आहे.

कारवाई बेकायदा ठरली तर न्यायाधिकरण ताबा परत देण्याचा आदेश करू शकते, आणि कलम १९ खाली भरपाई व खर्चही देऊ शकते. म्हणूनच हायकोर्ट म्हणते की तुमच्याकडे पुरेसा पर्यायी उपाय आहे.

हायकोर्ट कधी 'नाही' म्हणते आणि कधी ऐकून घेते

राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ चा, म्हणजे रिट ऐकण्याचा, अधिकार हायकोर्टाला नेहमीच असतो. प्रश्न तो वापरायचा की नाही एवढाच. सत्यवती टंडन प्रकरणात २६ जुलै २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हायकोर्टांना बजावले की वसुलीच्या प्रकरणांत कायद्यातला उपाय वापरल्याशिवाय रिट सहसा ऐकू नये. २०१८ मध्ये बिनशर्त अंतरिम स्थगिती देण्यावर पुन्हा नाराजी नोंदवली गेली. जानेवारी २०२२ च्या फिनिक्स एआरसी निकालात खासगी वित्तसंस्थेविरुद्ध अशी रिट टिकतच नाही असे म्हटले गेले. १० एप्रिल २०२४ च्या पीएचआर इन्व्हेंट निकालात तीच ओळ पुन्हा अधोरेखित झाली. बँकेचे वकील हे निकाल तोंडपाठ म्हणतात. तुमच्या रिटमध्ये त्यांचे उत्तर पहिल्या दोन पानांत नसेल तर सुनावणी तिथेच थांबते.

नागरी सहकारी बँकेविरुद्ध तर आणखी एक अडथळा आहे. ती बँक साधारणपणे 'राज्य' या व्याख्येत येत नाही, म्हणून तिच्यावर रिट चालते का हाच पहिला वाद होतो.

मग रिट कधी ऐकली जाते? अधिकारी कायद्यातली प्रक्रियाच धाब्यावर बसवतो, न्यायप्रक्रियेची मूलभूत तत्त्वे पायदळी तुडवली जातात, रद्द झालेली तरतूद वापरली जाते, किंवा नैसर्गिक न्याय पूर्ण डावलला जातो, तेव्हा. तरतुदीच्या घटनात्मक वैधतेलाच आव्हान असेल तर तेही हायकोर्टातच द्यावे लागते. 'नोटीस चुकीच्या पत्त्यावर गेली', 'मूल्यांकन कमी केले', 'व्याज जास्त लावले', 'शेतजमीन आहे' हे सगळे मुद्दे डीआरटी ठरवू शकते, म्हणून ते अपवादात बसत नाहीत. कितीही अन्यायकारक वाटले तरी.

एक व्यवहार्य अपवाद म्हणजे डीआरटी बंद असणे. पीठासीन अधिकाऱ्याची जागा रिकामी असेल आणि लिलाव चार दिवसांवर असेल, तर पर्यायी उपाय कागदावरच राहतो. डिसेंबर २०२१ मध्ये अशीच पदे रिकामी असताना सर्वोच्च न्यायालयाने हायकोर्टांना ही प्रकरणे तात्पुरती ऐकण्याची विनंती केली होती. अशा वेळी आधी डीआरटीत अर्ज दाखल करा, त्याचा नोंदणी क्रमांक घ्या, पुढची तारीख लिलावानंतरची आहे किंवा पीठ बसत नाही हे दाखवणारा कागद जोडा, आणि मग रिटमध्ये फक्त 'डीआरटीत अंतरिम अर्ज ऐकला जाईपर्यंत' एवढेच संरक्षण मागा. मागणी जेवढी छोटी, तेवढी ती मिळण्याची शक्यता जास्त. संपूर्ण १३(२) नोटीस रद्द करा अशी मागणी केली की याचिका पर्यायी उपायाच्या खडकावर आदळते.

रिट आधीच दाखल झाली असेल आणि खंडपीठाचा कल विरुद्ध दिसत असेल, तर ती फेटाळली जाण्याची वाट पाहू नका. डीआरटीत जाण्याची मुभा राखून ती मागे घ्या, आणि रिटमध्ये गेलेल्या काळाचा उल्लेख आदेशात यावा अशी विनंती करा. तो काळ मुदतीतून वगळून मिळेल याची शाश्वती नाही, पण आदेशात तारखा असतील तर डीआरटीपुढे बोलायला जागा राहते. रिटच्या नादात ४५ दिवस उलटण्याआधी अर्जही दाखल करून ठेवणे हा त्याहून सुरक्षित मार्ग. दोन्ही ठिकाणी एकमेकांचा उल्लेख करा. लपवले तर दोन्ही हातचे जाते.

तडजोडीसाठीही रिट चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०२१ च्या निकालात सांगितले आहे की एकरकमी परतफेड योजना द्या असा आदेश हायकोर्ट बँकेला देऊ शकत नाही. अशा एकरकमी तडजोडीसाठी (ओटीएस) बँकेच्या मुख्य कार्यालयात लेखी प्रस्ताव, रक्कम, तारखा आणि पैशाचा स्रोत घेऊन बसावे लागते.

जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश

प्रत्यक्ष ताबा घ्यायला बँक कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, अर्ज करते. त्यासोबत नऊ मुद्द्यांचे प्रतिज्ञापत्र लागते : कर्ज, तारण, थकबाकी, एनपीए, नोटीस, हरकतीला दिलेले उत्तर वगैरे. आदेश ३० दिवसांत, कारणे देऊन एकूण ६० दिवसांत व्हावा असे कायदा सांगतो. पुढे तो तहसीलदार किंवा अन्य दुय्यम अधिकाऱ्याकडे अंमलबजावणीसाठी जातो आणि पोलिस बंदोबस्त मिळतो. इथे तुमची बाजू ऐकण्याची तरतूद नाही. जिल्हाधिकारी वाद ठरवत नाहीत, कागद पुरे आहेत का एवढेच पाहतात. त्यामुळे कलेक्टर कचेरीत हेलपाटे घालून 'साहेब, थांबवा' म्हणण्यात दिवस घालवू नका. आदेशाची प्रमाणित प्रत आणि बँकेच्या प्रतिज्ञापत्राची प्रत मात्र जरूर मागा. हरकतीला उत्तर दिले असे त्यात लिहिले असेल आणि तुमच्याकडे उत्तर आलेलेच नसेल, तर तो डीआरटीत मोठा मुद्दा आहे. हा आदेशही कलम १७ खालीच आव्हानाला येतो, हे महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठरवले.

ताब्याच्या दिवशी अडवाअडवी करू नका. पंचनामा आणि आतल्या वस्तूंची यादी मागा, प्रत्येक पानावर तुमची हरकत लिहून सही करा, व्हिडिओ घ्या. तारणात नसलेला माल, बीम, सूत, घरातले सामान बाहेर काढायला लेखी वेळ मागा. लावलेले सील किंवा कुलूप तोडू नका. त्याने फौजदारी प्रकरण होते आणि दिवाणी बाजूही बिघडते.

भाडेकरू आणि बहिणीचा हिस्सा

शेड भाड्याने घेऊन लूम चालवणारे सोलापुरात पुष्कळ आहेत, आणि बहुतेकांचा करार तोंडी किंवा शंभराच्या स्टॅम्पवर असतो. कलम १७(४क) खाली डीआरटी भाडेकरूचा हक्क तपासू शकते. भाडेवट गहाणाच्या आधीची हवी. नोंदणीकृत करार नसेल तर संरक्षण फार मर्यादित मिळते. महावितरणची बिले, भाड्याच्या बँक नोंदी, महापालिकेचा परवाना, कामगारांचे हजेरीपट, जे जे गहाणाच्या तारखेआधीचे असेल ते सगळे जमवा.

वडिलोपार्जित घर एका भावाने गहाण टाकले आणि बहिणीची संमतीच नव्हती, हे दुसरे नेहमीचे प्रकरण. कलम ३४ मुळे दिवाणी न्यायालयाचा दरवाजा सरफेसीच्या कारवाईसाठी बंद असतो. पण मालकी हक्काचा प्रश्न, म्हणजे गहाणखत किंवा खरेदीखत मुळात वैध आहे का, तो दिवाणी न्यायालयच ठरवते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले. बहिणीने सोलापूरच्या दिवाणी न्यायालयात हिश्श्याचा दावा करावा आणि ताब्याच्या कारवाईविरुद्ध पुण्यात त्रयस्थ म्हणून कलम १७ चा अर्जही करावा. भावाने बहिणीला पुढे करून बनाव रचला असे दिसले तर दोन्हीकडे तोंडघशी पडावे लागते, म्हणून वारसनोंदीची तारीख आणि जुने फेरफार उतारे खरे आणि पूर्ण जोडा.

लिलाव जवळ आला तर

ताबा घेतल्यावर विक्रीच्या आधी कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस लागते. त्या लिलावात बोली आली नाही तर पुढच्या वेळी १५ दिवस पुरतात. राखीव किंमत मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराच्या अहवालावर ठरते. तो अहवाल मागा, आणि स्वतःचा स्वतंत्र अहवाल व शेजारच्या व्यवहारांच्या सूची क्रमांक दोनच्या नकला तयार ठेवा. बोली जिंकणाऱ्याने २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायचे असतात, आणि उरलेले विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तरी ती तीन महिन्यांपलीकडे जात नाही. या तारखा चुकल्या असतील तर विक्रीला आव्हान देता येते.

सर्वांत महत्त्वाची तारीख मात्र लिलावाच्या आधीच येते. कलम १३(८) प्रमाणे पूर्ण थकबाकी व खर्च भरून मालमत्ता सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. सप्टेंबर २०२३ च्या सेलिर निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे पक्के केले, आणि त्या प्रकरणात हायकोर्टाने रिटमध्ये दिलेली सूट रद्द केली. 'लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे भरू' हा हिशेब आता चालत नाही. नातेवाइकांकडून, दुसऱ्या बँकेकडून किंवा खासगी विक्रीतून पैसे उभे करायचे असतील तर जाहिरात छापून येण्याआधी, बँकेला लेखी कळवून करा.

डीआरटीने अर्ज फेटाळला तर

अपील मुंबईच्या कर्जवसुली अपिलीय न्यायाधिकरणात, ३० दिवसांत. इथे मात्र पैसे आधी भरावे लागतात : बँकेने मागितलेली किंवा डीआरटीने ठरवलेली, यांपैकी कमी असलेल्या रकमेच्या ५० टक्के. कारणे नोंदवून ते २५ टक्क्यांपर्यंत खाली आणता येते, त्याखाली नाही. ३८ लाखांवर १९ लाख, किंवा सवलत मिळाल्यास किमान साडेनऊ लाख. ही रक्कम टाळण्यासाठी पुन्हा कोल्हापूरला रिट टाकण्याचा मार्ग सुचवला जातो; तिथेही उत्तर तेच मिळते की अपिलाचा उपाय आहे. सवलतीच्या अर्जात उत्पन्नाचे विवरण, बंद पडलेल्या लूमची वीजबिले, इतर देणी असा ठोस तपशील द्या. नुसते 'परिस्थिती हलाखीची आहे' म्हणून टक्केवारी खाली येत नाही. आणि भरलेली ही रक्कम बँकेच्या खिशात जात नाही : अपील निकाली निघाल्यावर किंवा मागे घेतल्यावर, तिच्यावर वेगळी जप्ती नसेल तर, ती परत मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले आहे. त्यामुळे ज्याच्या नावाने ती भरली जाते त्याची नोंद आणि पावती अपिलाच्या फाइलमध्येच ठेवा.